रूप बदलणारा पत्ता कसा खेळावा

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि तो १९९३ साली बाजारात आला. पुढची अठरा वर्षं या खेळाच्या प्रत्येक पत्त्याची पाठ सारखीच होती. सप्टेंबर २०११ मध्ये इनिस्ट्राड हा संच आला आणि त्यातल्या काही पत्त्यांना पाठच उरली नाही. दोन्ही बाजूंना चित्र, दोन्ही बाजूंना नाव, दोन्ही बाजूंना मजकूर. एका बाजूला माणूस, उलटवला की लांडगा. इंग्रजीत या क्रियेला ‘ट्रान्सफॉर्म’ म्हणतात आणि खेळणाऱ्यांच्या तोंडीही तोच शब्द आहे, म्हणून इथेही तोच ठेवतो.

नवा खेळाडू असा पत्ता पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा त्याला उलटवणं सोपं वाटतं आणि उलटवल्यानंतरचं सगळं अवघड. त्यावरचं नुकसान जातं का? काउंटर (पत्त्यावर ठेवलेल्या खुणा) राहतात का? लगेच हल्ला करता येतो का? मला स्वतःला हे सगळे नियम सुटे सुटे पाठ करून कधीच लक्षात राहिले नाहीत. ते बसले एका प्रश्नामुळे: पत्ता टेबलावरच राहून उलटला, की टेबल सोडून परत आला? खाली जे काही आहे ते या प्रश्नाच्या आधाराने वाचा.

आधी पत्ता ओळखा

पुढची बाजू म्हणजे जिच्यावर उजवीकडे वर मानाची किंमत छापलेली असते ती (माना म्हणजे पत्ता खेळायला खर्च करायची ऊर्जा). मागच्या बाजूला सहसा किंमत नसते, कारण ती बाजू हातातून थेट खेळता येत नाही. किंमत नाही म्हणजे रंगही कळणार नाही, म्हणून प्रकाराच्या ओळीत डावीकडे एक छोटा रंगीत ठिपका छापतात. तो ठिपका म्हणजेच त्या बाजूचा रंग. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं चिन्हही पाहून ठेवा. इनिस्ट्राडमध्ये पुढे सूर्य आणि मागे चंद्र असतो. पुढच्या बाजूला उजव्या कोपऱ्यात, ताकदीच्या आकड्यांच्या जरा वर, फिक्या अक्षरांत मागच्या क्रीचरचे (लढणाऱ्या प्राण्याचे किंवा माणसाचे) आकडे दिलेले असतात, त्यामुळे दर वेळी पत्ता उचलून पाहावा लागत नाही.

गड्डीत घालण्याची तयारी

पाठ वेगळी असलेला पत्ता गड्डीत उघडा ठेवला तर तो कुठे आहे हे समोरच्याला लांबूनही दिसेल. म्हणून दोनपैकी एक सोय करावी लागते. सगळ्या गड्डीला अपारदर्शक पाठीचे, एकसारखे स्लीव्ह (पत्त्यांची आवरणं) घाला. नाहीतर त्या पत्त्याऐवजी बदली पत्ता गड्डीत ठेवा आणि खरा पत्ता बाजूला तयार ठेवा. बदली पत्ता म्हणजे नेहमीची पाठ असलेला, पुढे नाव लिहायला जागा असलेला पत्ता. मी स्लीव्हच वापरतो. पण खरं सांगायचं तर उलटवताना दर वेळी पत्ता स्लीव्हमधून काढून परत घातल्याने कडा झिजतात. पत्ता जपायचा असेल तर टेबलावरच्या वापरासाठी एखादा जास्तीचा पारदर्शक स्लीव्ह जवळ ठेवा आणि पत्ता खेळला की त्यात सरकवा.

खेळताना फक्त पुढची बाजू

पत्ता हातात असो, गड्डीत असो, ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या आणि वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) असो, त्याला फक्त पुढच्या बाजूचे गुण असतात. तो खेळताना पुढच्या बाजूची किंमत मोजायची आणि तो टेबलावर पुढची बाजू वर करूनच येतो. अपवाद एवढाच, की एखादा मजकूर स्पष्टपणे ‘ट्रान्सफॉर्म होऊन’ आणायला सांगत असेल तर.

उदाहरणाला डेल्व्हर ऑफ सीक्रेट्स घेऊ, कारण हा पत्ता नीट समजला की अर्धं काम झालं. एका निळ्या मानाचा, १/१ चा (पहिला आकडा ताकद, दुसरा जोर म्हणजे किती नुकसान झालं की मरतो), दिसायला अगदी किरकोळ जादूगार. त्याचा मजकूर असा: तुमच्या अपकीपच्या (पाळीतल्या सुरुवातीच्या टप्प्याच्या) सुरुवातीला गड्डीतला वरचा पत्ता बघा. हवं तर तो उघड करा. उघड केलेला पत्ता इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदा परिणाम करून जाणारे पत्ते; इन्स्टंट समोरच्याच्या पाळीतही खेळता येतं) असेल तर डेल्व्हर ट्रान्सफॉर्म होतो. मागे आहे इन्सेक्टाइल अ‍ॅबरेशन, ३/२, आणि उडणारा. एका मानात तीन ताकदीचं उडतं क्रीचर मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, म्हणून हा साधा कॉमन पत्ता स्पर्धांमध्ये इतका गाजला.

कधी उलटतो ते शब्दशः वाचा

प्रत्येक पत्त्याची अट वेगळी असते आणि तिच्यातल्या लहान शब्दांवर सगळं अवलंबून असतं. डेल्व्हर फक्त तुमच्या अपकीपला बघतो. अपकीप येतो पत्ता ओढण्याच्या आधी, म्हणजे बघितलेला पत्ता लगेच तुमच्या हातात येणार आहे आणि उघड केलात तर समोरच्यालाही तो कळणार आहे. त्यामुळे वर इन्स्टंट असली तरी ती न दाखवण्याचा पर्याय खरा आहे. उत्तर म्हणून जपून ठेवायचा पत्ता असेल तर मी कधी कधी एक पाळी थांबतो.

साठ पत्त्यांच्या गड्डीत वीस इन्स्टंट आणि सॉर्सरी असतील तर दर वेळी उलटण्याची शक्यता साधारण तीनात एक. तीस असतील तर दोनात एक. तीसवाल्या गड्डीतही सलग तीन पाळ्या चुकण्याची शक्यता आठात एक आहेच. म्हणून वरचा पत्ता जमवून ठेवणारे पत्ते सोबत लागतात. अपकीपला डेल्व्हरची क्षमता स्टॅकवर (परिणाम होण्याआधीच्या रांगेत) असतानाच ब्रेनस्टॉर्म हे इन्स्टंट खेळा: तीन पत्ते ओढा, दोन परत वर ठेवा, आणि सगळ्यात वर इन्स्टंट येईल असं बघा. मग क्षमता सुटेल, म्हणजे तिचा परिणाम होईल, तेव्हा काय दिसणार हे तुम्हीच ठरवलेलं असतं.

लांडग्यांची अट निराळी. इनिस्ट्राडमधले बहुतेक मनुष्य-लांडगे ‘प्रत्येक अपकीपच्या सुरुवातीला, मागच्या पाळीत एकही स्पेल खेळलं गेलं नसेल तर’ उलटतात. प्रत्येक म्हणजे समोरच्याच्या अपकीपलाही. तुम्ही तुमच्या पाळीत काहीही खेळला नाहीत आणि त्या पाळीत समोरच्यानेही काही खेळलं नाही, तर त्याच्या पाळीची सुरुवात होताच लांडगे उभे. स्पेल म्हणजे जमीन सोडून खेळलेला कुठलाही पत्ता. जमीन (माना देणारा पत्ता) मांडणं म्हणजे स्पेल खेळणं नव्हे, तेव्हा जमीन खुशाल मांडा. समोरच्याने अडवलेलं स्पेल मात्र खेळलेलंच धरतात.

परत माणूस व्हायची अट आहे ‘मागच्या पाळीत एखाद्या खेळाडूने दोन किंवा जास्त स्पेल खेळले असतील तर’. इथे ‘एखाद्या खेळाडूने’ हे शब्द महत्त्वाचे. समोरच्याने एक आणि तुम्ही एक असे मिळून दोन झाले तर लांडगा लांडगाच राहतो. म्हणून या गड्डीत समोरच्याच्या पाळीत खेळता येणारं एखादं इन्स्टंट सोन्यासारखं असतं. आपल्या पाळीत हात आवरायचा आणि त्याच्या पाळीत एकच खेळायचं.

उलटताना काय होतं

क्षमता स्टॅकवर जाते, त्यामुळे तिला उत्तर देता येतं. प्रत्यक्ष उलटणं मात्र क्षमता सुटताना घडतं आणि त्या क्षणात कुणाला मध्ये शिरता येत नाही. समोर डेल्व्हर असेल आणि तुमच्या हातात एका नुकसानाचं स्पेल असेल, तर ते डेल्व्हर उलटण्याआधी, फार तर क्षमता स्टॅकवर असताना वापरा. वरचा पत्ता कोणता आहे ते बघून ठरवू म्हणालात तर उशीर झाला, कारण बघणं आणि उलटणं एका दमात होतं आणि मग समोर दोन जोराचं क्रीचर असतं.

आता तो पहिला प्रश्न विचारा. पत्त्याने टेबल सोडलं का? नाही. म्हणजे पत्ता तोच. मग सगळं आपोआप ठरतं. आडवा (वापरल्यामुळे वळवलेला) असेल तर आडवाच राहतो. त्यावर +१/+१ काउंटर असेल तर तो राहतो, म्हणजे डेल्व्हर २/२ होता तर आता ४/३. चिकटवलेला ऑरा (दुसऱ्या पत्त्याला जोडायचा पत्ता) चिकटूनच राहतो, मागची बाजू त्या ऑराला चालणारी असेल तोवर. मागच्या पाळीत मांडलेला डेल्व्हर या अपकीपला उलटला तर तो याच पाळीत हल्ला करू शकतो, कारण तो पाळीच्या सुरुवातीपासून तुमच्याकडेच आहे.

नुकसानही राहतं, आणि इथेच भले भले चुकतात. समजा ३/२ च्या इन्सेक्टाइल अ‍ॅबरेशनने या पाळीत एक नुकसान सोसलंय. समोरचा मूनमिस्ट खेळतो, ज्यात सगळी माणसं ट्रान्सफॉर्म होतात. हा किडा अजूनही ‘माणूस किडा’ प्रकारचा आहे, प्रकाराची ओळ वाचा. तो उलटून १/१ चा डेल्व्हर होतो, अंगावरचं एक नुकसान तसंच असतं, आणि तो मरतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला अन्याय वाटला होता. तोच पत्ता आहे हे डोक्यात बसल्यावर दुसरं काही होणं शक्यच नव्हतं हे कळलं.

‘टेबलावर येतो तेव्हा’ असा मजकूर उलटल्यावर लागू होत नाही, कारण तो आलाच नाही, होताच. म्हणून हंटमास्टर ऑफ द फेल्सवर मुद्दाम दोन्ही लिहिलंय: टेबलावर आल्यावर किंवा उलटून हंटमास्टर झाल्यावर एक २/२ लांडगा करा आणि दोन जीव मिळवा. मागचा ४/४ चा रॅव्हेजर होताना तो एका प्रतिस्पर्ध्याला दोन आणि हवं तर त्याच्या एका क्रीचरला दोन नुकसान करतो. म्हणजे हा पत्ता दोन्हीकडे वळताना काही ना काही देतोच. मला या सगळ्या प्रकारात याच्याइतका सुंदर रचलेला पत्ता दुसरा दिसत नाही.

मागच्या बाजूची मानाची एकूण किंमत किती धरायची? पुढच्या बाजूची जितकी, तितकीच. २०१६ पर्यंत ती शून्य धरत, मग नियम बदलला. जुन्या खेळाडूंशी यावरून वाद झाला तर कारण हे आहे.

क्रीचर सोडून इतर गोष्टीही उलटतात. इक्सलान या २०१७ च्या संचातला लीजन्स लँडिंग हा एन्चांटमेंट (टेबलावर राहून परिणाम करणारा पत्ता) आहे. तुम्ही तीन किंवा जास्त क्रीचरनी हल्ला केला की तो जमीन बनतो. ही जमीन तुम्ही मांडलेली नाही, त्यामुळे पाळीला एक जमीन हा हिशेब तसाच राहतो, आणि ती उभी असेल तर त्याच हल्ल्यात तिचा माना वापरता येतो.

टेबल सोडून परत येणारे

२०१५ च्या मॅजिक ओरिजिन्स संचात पाच क्रीचर उलटून प्लेन्सवॉकर (तुमच्या बाजूने लढणारी बलाढ्य पात्रं) होतात. त्यातल्या जेसचा मजकूर पाहा: पत्ता ओढा, एक टाका, ग्रेव्हयार्डमध्ये पाच किंवा जास्त पत्ते असतील तर जेसला एक्झाइल करा (खेळाबाहेर ठेवा) आणि मग ट्रान्सफॉर्म करून परत आणा. एवढा फेरा कशासाठी? प्लेन्सवॉकरला लॉयल्टी काउंटर (तो किती टिकेल ते मोजणाऱ्या खुणा) मिळतात ते टेबलावर येताना. जागच्या जागी उलटला असता तर काउंटर शून्य, आणि शून्य काउंटरचा प्लेन्सवॉकर लगेच ग्रेव्हयार्डमध्ये जातो. म्हणून त्याला बाहेर नेऊन आत आणतात. त्याची किंमत अशी, की तो आता नवा पत्ता आहे. जुने काउंटर, ऑरा, नुकसान सगळं गेलं. तुमच्या मुख्य टप्प्यात उलटवलात तर त्याची लॉयल्टी क्षमता त्याच पाळीत वापरता येते.

कुठल्याही उलटलेल्या पत्त्याला समोरच्याने हातात परत पाठवलं, किंवा एक्झाइल करून नुसतं परत आणलं, तर तो पुन्हा पुढची बाजू घेऊनच येतो. लांडगा झालेला पत्ता मेला की ग्रेव्हयार्डमध्ये माणूस म्हणूनच पडतो.

नक्कल करणाऱ्या पत्त्यांबद्दल एवढंच: साध्या एकबाजू पत्त्याने इन्सेक्टाइल अ‍ॅबरेशनची नक्कल केली तर तो ३/२ चा उडता किडा होतो, पण त्याला दुसरी बाजू नाही, म्हणून तो कधीच उलटत नाही. आणि नक्कल मागच्या बाजूची असल्यामुळे त्याची मानाची किंमत शून्य धरतात.

दिवस आणि रात्र

२०२१ मध्ये इनिस्ट्राड: मिडनाइट हंट या संचात लांडग्यांचा नियम नव्याने लिहिला. पुढच्या बाजूवर ‘डेबाउंड’ आणि मागे ‘नाइटबाउंड’ हे शब्द असतील तर जुनी अट विसरा. इथे दिवस किंवा रात्र ही साऱ्या खेळाची स्थिती असते. पहिला डेबाउंड पत्ता आला की दिवस सुरू होतो, आणि नंतर तो पत्ता मेला तरी दिवसरात्रीचं चक्र खेळ संपेपर्यंत चालू राहतं. दिवस असताना एखाद्याने स्वतःच्या पाळीत एकही स्पेल खेळलं नाही तर पुढच्या पाळीला रात्र. रात्री एखाद्याने स्वतःच्या पाळीत दोन किंवा जास्त स्पेल खेळले तर पुढच्या पाळीला दिवस. मोजायचं फक्त ज्याची पाळी होती त्याचं. जुन्या लांडग्यांशी फरक इथेच आहे. हा बदल अनटॅपच्या (आडवे पत्ते उभे करण्याच्या) टप्प्यात होतो, स्टॅकवर जात नाही, त्यामुळे उत्तर देता येत नाही. रात्री नवा डेबाउंड पत्ता मांडला तर तो थेट लांडगा होऊनच येतो. आणि हे पत्ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने उलटत नाहीत, मूनमिस्टनेही नाही. टेबलाच्या मध्ये दिवसरात्रीचा एक खुणेचा पत्ता ठेवा आणि तो दोघांनाही दिसेल असा ठेवा.

दोन बाजू आहेत, पण सहसा उलटत नाहीत

झेंडिकार रायझिंग या २०२० च्या संचापासून आणखी एक प्रकार आला. त्यात दोन्ही बाजू खेळता येतात आणि कुठली बाजू हवी ते तुम्ही खेळतानाच ठरवता. एकदा ठरवलं की टेबलावर सहसा तीच बाजू कायम; पत्त्यावर तसं लिहिलेलं नसेल तर तिला ट्रान्सफॉर्म करता येत नाही. ओळख सोपी आहे. मागच्या बाजूवर मानाची किंमत छापलेली असेल, किंवा मागे जमीन असून पुढच्या मजकुरात ‘ट्रान्सफॉर्म’ हा शब्द कुठेच नसेल, तर बहुधा तो हा प्रकार. शंका असेल तर गड्डीत घालण्याआधीच दोन्ही बाजू शांतपणे वाचून घ्या, खेळाच्या मध्यावर नको.