ऑलिव्हच्या मुळांसाठी ट्रायकोडर्मा: लागवडीच्या वेळीच
ऑलिव्हची एखादीच फांदी अचानक वाळली आणि सुकलेली पानं न गळता तशीच लटकून राहिली, तर व्हर्टिसिलियम मर रोगाचा संशय घ्या. हा रोग आणणारी बुरशी जमिनीत दहा वर्षांहून जास्त काळ तग धरते. कापूस, टोमॅटो, वांगी, बटाटा यांवरही ती येते, म्हणून ही पिकं घेतलेल्या जमिनीत ऑलिव्ह लावणं टाळलेलंच बरं.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) द्यायचं ते लागवडीच्या वेळी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर मातीत मुळांजवळ. रोग आत शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. ते औषधापेक्षा राखणदार जास्त. रासायनिक बुरशीनाशकासोबत मात्र देऊ नका, ही जिवंत बुरशीच मरेल. आणि बुंध्याशी पाणी साचत असेल तर आधी निचरा सुधारा. फायटोप्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होणारी मूळकूज साचलेल्या पाण्यातच फोफावते.