१८७३ च्या विंचेस्टरची प्रतिकृती: कॅलिबर आणि पुंगळ्यांचा माझा अनुभव

विंचेस्टर रायफलची ही प्रतिकृती .४५ कोल्ट या काडतुसासाठी घेतली तर पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी, पुन्हा भरून वापरता येणारी) सहज मिळतात, पण बंदुकीच्या काळ्या दारूचा बार काढला की धूर मागे येतो आणि पुंगळीच्या बाहेरून काजळीचे पट्टे उमटतात. या पुंगळीची भिंत जाड असल्याने कमी दाबात ती फुगून चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) चिकटत नाही. तोंडाकडचा भाग तापवून मऊ केला की काजळी बरीच कमी होते. बुडाला मात्र आच लागता कामा नये, बूड मऊ पडलेली पुंगळी धोक्याची.

माझी पसंती .४४-४० या काडतुसाला. मूळ रायफल याच काडतुसाची, आणि त्याच्या पुंगळीचा पातळ गळा चेंबर घट्ट बंद करतो. तोच गळा काडतूस भरताना चुरगळतो. गोळी बसवणे आणि क्रिंप (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळणे) एकाच फटक्यात केले की खांद्याखाली सुरकुती पडते, मग काडतूस चेंबरमध्ये जात नाही. उपाय असा: सगळ्या पुंगळ्या एकाच लांबीच्या कापा, तोंड किंचित पसरवा, आधी गोळी बसवा, क्रिंप वेगळ्या डायने (साच्याने) करा.

गोळीचा व्यास ठरवण्याआधी नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून खाचांचे माप घ्या. जुने माप .४२७ इंच, नव्या नळ्या बहुधा .४२९ च्या. जाड गोळी घेतलीत तर दारू आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) न घालता एक काडतूस बनवून चेंबरमध्ये बसते का ते पाहा.

.३८-४० या काडतुसाच्या पुंगळ्या मिळाल्या नाहीत, तर .४४-४० चा गळा डायमध्ये आवळून त्या बनवता येतात. काळ्या दारूनंतर पुंगळ्या त्याच दिवशी साबणाच्या पाण्यात टाका.