घाय तूच लावलंस मगे!

प्रशिक्षणात खेळ आणायचा म्हटलं की सगळे आधी गुण, बिल्ले आणि फळ्यावरचे नंबर यांच्याच मागे लागतात. मीही लागले. सिंधुदुर्गात भातकापणीच्या तोंडावर नर्सेस आणि सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) सर्पदंशावरचे उपचार शिकवायचे होते. हौसेने सावंतवाडीच्या गंजिफांसारखी गोल कार्डं कापली, चार गट पाडले आणि जो लवकर सांगेल त्याला जास्त गुण ठेवले. तिथेच माती खाल्ली.

फुरसं, घोणस चावल्यावर रक्त गोठतंय का ते बघायची चाचणी तुम्हाला माहीत आहेच. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. आमच्या नळीत लाल पाणी. निकाल वेळ भरल्यावर मी सांगणार होते. बाराव्या मिनिटालाच तीन गटांनी नळी कलवली आणि ‘गोठलं नाही, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) लावा’ म्हणून हात वर! एका गटाने तर प्लास्टिकची नळी घेतली, का तर ती जवळ होती. मी चिडले. निवृत्तीला आलेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “घाय तूच लावलंस मगे!” म्हणजे घाई तूच लावलीस ना!

पुन्हा सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. लवकर कलवलं तर धडधाकट माणसाचंही रक्त पातळ दिसू शकतं. प्लास्टिकमध्येही तीच फसगत. मग गरज नसताना एएसव्ही जाणार, आणि त्याची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. गुण वेगाला दिलेत तर लोक वेगच शिकतील.

आता नळीला आधी हात लावला की डाव बाद. त्या 20 मिनिटांत कार्डं येत राहतात: रिअ‍ॅक्शनसाठी अ‍ॅड्रेनालिन भरून ठेवलंय का? लहान मुलाला एएसव्ही किती? (मोठ्याइतकंच. इथे निम्मे तरी चुकतात.) ‘पापण्या मिटायला लागल्या’ किंवा ‘हिरड्यांतून रक्त’ आलं, की नळीची वाट बघत बसायचं नाही.

‘अ‍ॅप बनवा’ म्हणणारे सर भेटतीलच. मान डोलवा आणि पुठ्ठा कापायला घ्या. फळ्यावर नंबर तर लावूच नका. तळाला नाव लागलेली बाई दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. पहिला खेळ फसला तर घाबरू नका, माझा दुसराही फसला होता.

परवा त्याच सिस्टर नळीच्या स्टँडवर स्टीलचा डबा पालथा घालून घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. मलाही हात लावू देईनात.