जुन्या स्नोमोबिलचा क्लच: आधी दुरुस्ती, मग ट्यूनिंग, शेवटी अपग्रेड

अमेरिका-कॅनडातल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, ओंटारिओ अशा बर्फाळ भागात राहणारी आपली मंडळी हौसेने १९९०च्या दशकातली स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, घेतात. स्वस्तात मिळते, सुरूही होते, आवाजही दमदार करते, पण ओढत नाही. मग इंजिनावर खर्च सुरू होतो. माझं म्हणणं असं, की इंजिनाला हात लावण्याआधी क्लचवरचं गार्ड उघडा. बहुतेक वेळा ताकद तयार होत असते, ती गाडीखाली बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्यापर्यंत (ट्रॅकपर्यंत) पोहोचत नसते.

आधी रचना समजून घ्या. क्रँकवर बसतो तो प्रायमरी क्लच, त्याच्या मागे सेकंडरी, आणि दोघांमध्ये रुंद रबरी बेल्ट. प्रत्येक क्लचमध्ये दोन चकत्या असतात आणि बेल्ट त्यांच्यामध्ये बसतो. अ‍ॅक्टिव्हाचं बाजूचं कव्हर मेकॅनिककडे उघडलेलं पाहिलं असेल, तर हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की स्कूटरला मागच्या बाजूला वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इथे आयडलला बेल्ट सैल राहतो आणि प्रायमरीने तो आवळला की गाडी हलते. आरपीएम वाढले की प्रायमरीतली तीन वेट्स (छोटी वजनं) बाहेर फेकली जातात, सरकती चकती आत ढकलतात आणि बेल्ट वर चढतो. सेकंडरीतली स्प्रिंग आणि उताराचा हेलिक्स त्याला विरोध करतात. चढ लागला की हाच हेलिक्स बेल्ट पुन्हा आवळतो आणि गाडी खालच्या रेशोत येते. याला बॅकशिफ्ट म्हणतात.

ट्यूनिंगचं ध्येय एकच: पूर्ण थ्रॉटलला इंजिन ज्या आरपीएमवर सर्वाधिक ताकद देतं, तिथेच त्याने टिकून राहावं. तो आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तो माहीत नसताना वेट बदलणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

जे कधीही करायचं नाही

बेल्ट काढून इंजिन रेस करू नका. भार नसल्याने ते बेफाम फिरतं आणि क्लच फुटू शकतो. गार्ड काढून गाडी चालवू नका. चाचणीसाठी मागची बाजू उचलून पट्टा हवेत फिरवू नका. त्यातून उडालेला दगड किंवा तुटलेला स्टड (पट्ट्यावरचा खिळा) माणसाला लागतो.

आधी दुरुस्ती

बेल्ट काढा आणि त्याची रुंदी व्हर्नियरने मोजा. नव्यापेक्षा साधारण ३ मिमी कमी झाली असेल तर तो बदलाच. मॅन्युअलमधली मर्यादा याहून कडक असेल तर ती पाळा. कडा काचेसारख्या चकाकत असतील, धागे निघाले असतील किंवा एका जागी खळगा पडला असेल, तरीही बदला. नवा बेल्ट बसवण्याआधी साबण आणि गरम पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा आणि पहिले ५० किमी जपून चालवा.

आता चकत्या. बारीक स्कॉच-ब्राइटने घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. हा क्लच कोरडाच चालायचा असतो. कुरकुर थांबावी म्हणून तेल किंवा ग्रीस लावलंत तर बेल्ट लगेच घसरेल.

मग सेकंडरी दोन्ही हातांनी पिळून उघडा आणि सोडा. ती झटकन आणि सरळ परतायला हवी. अडखळत असेल तर हेलिक्सवर घासणारी प्लॅस्टिकची बटणं पाहा. जुन्या गाड्यांत ती एका बाजूने सपाट झालेली, कधी पार धातूपर्यंत झिजलेली सापडतात. ही बटणं स्वस्त असतात, आणि ती बदलल्यावर बॅकशिफ्टमध्ये जाणवणारा फरक महागड्या किटलाही लाजवेल.

प्रायमरी काढायला त्याच मॉडेलचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. हातोडा मारू नका, क्रँक वाकतो. वेट्सच्या पिना, रोलर आणि बुशिंग तपासा. सरकती चकती हलवल्यावर डुगडुगत असेल तर बुशिंग गेलं. पोलारिस कंपनीच्या पी-८५ क्लचवर कव्हर, स्पायडर (रोलर धरणारा तीन हातांचा मधला भाग) आणि चकतीवर फुलीच्या खुणा असतात. जोडताना त्या एका रेषेत आणा, नाहीतर बॅलन्स बिघडतो. इतर मॉडेलवर उघडण्याआधी स्वतः मार्करने खूण करा. स्पायडर मात्र फार घट्ट बसलेला असतो. धरायचं हत्यार नसेल तर ते काम दुकानात द्या. बसवताना क्रँकचा टेपर स्वच्छ पुसा आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

शेवटी दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का, ते त्या मॉडेलच्या अलाइनमेंट बारने पाहा. मग दोन्ही क्लचवर सरळ पट्टी ठेवून बेल्ट मधोमध दाबा. जुन्या पोलारिसमध्ये तो सुमारे ३२ मिमी दबायला हवा. बेल्ट फार सैल असेल तर गाडी सुटताना जड वाटते. फार ताठ असेल तर आयडललाच सरकू लागते. सेकंडरीच्या दोन चकत्यांमधल्या शिम (पातळ वॉशर) कमी-जास्त करून हे जुळवतात.

आता ट्यूनिंग

इंजिनाचं कॉम्प्रेशन ठीक आहे आणि कार्ब्युरेटर स्वच्छ आहे, याची खात्री करून मगच इथे या. जुन्या टॅकोमीटरवर विसंबू नका. तो एकदा डिजिटल मीटरशी ताडून घ्या.

दाबलेल्या, सपाट, मोकळ्या बर्फावर बेल्ट गरम करून घ्या. मग पूर्ण थ्रॉटल देऊन काटा स्थिरावतो तो आकडा लिहा. अपेक्षेपेक्षा आरपीएम कमी असतील तर वेट जड आहेत, हलकी लावा. जास्त असतील तर जड लावा. तिन्ही वेट्स एकाच वजनाची असलीच पाहिजेत. ढोबळ हिशोब असा, की प्रत्येक वेटमध्ये २ ग्रॅमचा बदल केला तर आरपीएम सुमारे २०० ने बदलतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकत्र केले की कशामुळे काय झालं, हे कळत नाही.

गाडी किती आरपीएमला सुटते, ते मुख्यतः प्रायमरी स्प्रिंगच्या सुरुवातीच्या ताणावर ठरतं. खोल भुसभुशीत बर्फात लवकर आणि हळुवार सुटलेली बरी, म्हणजे पट्टा जागच्या जागी खणत नाही. सुरुवातीला आरपीएम बरोबर पण वेग वाढल्यावर खाली येत असतील, तर शेवटी जास्त ताण देणारी स्प्रिंग पाहा.

हेलिक्सकडे सर्वांत शेवटी वळा. कोन मोठा असेल तर गाडी पटकन वर चढते, पण बॅकशिफ्ट मंदावतं. कोन लहान असेल तर वळणावळणाच्या ट्रेलवर थ्रॉटल पुन्हा दिल्यावर ती लगेच उसळते. नवा हेलिक्स घेण्याआधी सेकंडरी स्प्रिंग पुढच्या, घट्ट भोकात अडकवून पाहा. फुकटात बराच फरक पडतो.

बेल्ट पूर्ण वर चढतो का, हे पाहायची सोपी युक्ती: प्रायमरीच्या चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत काळ्या मार्करची रेघ ओढा आणि लांब धाव मारा. बेल्ट जिथपर्यंत गेला तिथपर्यंत रेघ पुसलेली दिसेल. कडेला दोन बोटं काळी रेघ शिल्लक असेल, तर टॉप स्पीड का मिळत नाही ते समजलं.

उंचीचा हिशोब

दर १,००० फुटांमागे इंजिन साधारण ३ टक्के ताकद गमावतं. मिनेसोटाच्या सपाटीवर जुळवलेली गाडी मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोनला नेली, तर तिथे उंची सुमारे ६,६०० फूट. तिथे इंजिन तीच वेट्स ओढू शकत नाही. कार्ब्युरेटरचे जेट बदलाच, आणि हलकी वेट्सही सोबत न्या.

अपग्रेड कधी

हे सगळं झाल्यावरही गाडी सुस्त वाटली, तर बटणांच्या सेकंडरीऐवजी रोलर असलेली सेकंडरी लावण्यात अर्थ आहे. मिनेसोटातल्या बॅगली गावच्या टीम इंडस्ट्रीजच्या सेकंडरी यासाठी लोकप्रिय आहेत. रोलरमुळे घर्षण कमी होतं आणि बॅकशिफ्ट झटपट मिळतं. घेण्याआधी शाफ्टचं माप, बेल्टची रुंदी आणि अलाइनमेंट तुमच्या गाडीशी जुळतं का, ते पाहा. हेलिक्स आणि स्प्रिंगही नव्याने निवडावी लागेल. जुने भाग हवे असतील तर लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) पहिल्या वीकेंडला मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला भरणाऱ्या ‘हे डेज’ या स्नोमोबिल मेळ्याच्या स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या भागांच्या बाजारात, फिरा. विकणाऱ्यासमोरच सेकंडरी पिळून पाहा आणि मगच पैसे द्या.

शेवटचं सेटअप गार्डच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: वेटचं वजन, स्प्रिंगचा रंग, हेलिक्सचा कोन, मिळालेले आरपीएम, जागेची उंची. आणि घासून गुळगुळीत न झालेला जुना बेल्ट सीटखाली असू द्या.