जिन्याखालची गिअरची सायकल: दुरुस्ती की भंगार?

लेक आठवीत असताना त्याच्या हट्टापायी सव्वीस इंची गिअरची सायकल घेतली होती. पुढं सस्पेन्शन, एकवीस गिअर, जाड टायर. आता तो पुण्याला नोकरीत आहे आणि सायकल चार पावसाळे जिन्याखाली उभी. साताऱ्याचा पाऊस माहीत असेल त्याला गंजाचं वेगळं सांगायला नको.

मला सदर बझारातून पोवई नाक्यापर्यंत जायला सायकल हवी होती. दुकानात ढकलत नेली तर 6,200 रुपयांचा अंदाज निघाला. तशीच नवी 11,500 ची. "एवढे घालण्यापेक्षा नवीच घ्या की काका," दुकानदार म्हणाला. मी आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस. सायकल परत आणली, धुतली आणि अंगणात उलटी करून बसलो.

सगळ्यात आधी फ्रेम, बाकीचं नंतर. हँडलच्या मानेखालून जी जाड नळी पायडलकडे उतरते, तिच्या खालच्या अंगावरून नख फिरवा. मानेजवळ रंगाला सुरकुती असेल तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. मग पायडलच्या खोक्याभोवतीचं, म्हणजे पायडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्याभोवतीचं, वेल्डिंग बघा. ब्रेक दाबून ठेवून पायडलवर वजन टाका. रंगातली बारीक रेघ उघडमीट करताना दिसली तर चीर आहे. शेवटी सीटची दांडी उपसून काढा. नळीतून लाल पाणी किंवा गंजाची पापडी पडली तर आतून किती खाल्लंय ते टॉर्च लावून बघा. दांडी हलतच नसेल, आणि तेल घालून दोन दिवसांनीही हलत नसेल, तर तीच उंची तुम्हाला चालते का हे आधी ठरवा.

मानेपाशी किंवा खोक्यापाशी चीर निघाली तर विषय संपला. फॅब्रिकेशनवाला म्हणेल, "टाका मारून देतो." कॅरेजला मारून घ्या, मानेला नको. फ्रेमला लोहचुंबक चिकटत नसेल तर ती ॲल्युमिनियमची, मग तर टाक्याचं नावच काढू नका. मागेही सस्पेन्शन असलेली स्वस्तातली सायकल असेल तर माझं मत विचारू नका. तिचे सांधे ढिले झाले की ती गाढवासारखी मागून बसते. तिच्यावर मी रुपया घालणार नाही.

आता चेन. इथं मी आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्टीलची पट्टी घ्या, चेन ताणून धरा. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलं की बारा इंचावर बरोबर दुसऱ्या पिनेचा मध्य यायला हवा. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढं गेला असेल तर फक्त चेन बदला. एक सूत गेला असेल तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, हेही गेलं समजा, कारण ताणलेली चेन त्याचे दात आपल्या मापाने झिजवून ठेवते. हे मला ठाऊक होतं, तरी मागे एकदा चारशे रुपये वाचवायला जुन्याच फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली होती. यवतेश्वरच्या चढाला उभा राहून जोर दिला, चेन दातांवरून घसरली आणि गुडघा हँडलवर. आठवडाभर जिना एकेक पायरीने चढत होतो.

चाकं उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबरापाशी डोळा ठेवा. थोडा आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून मिळतो. पण दर महिन्याला एखादी तार तुटत असेल तर एकेक तार बदलत बसू नका, चाकच नवं घ्या. मागचं चाक हाताने आडवं हलवल्यावर डुलत असेल तर एक्सल, म्हणजे चाकाचा आस, वाकलेला असू शकतो. या सायकलींत हे नेहमीचं, आणि एक्सल स्वस्त असतो. त्याला घाबरून नवी सायकल घेऊ नका. टायरच्या बगलेला भेगा असतील तर टायर जायचेच, ते खर्चात धरून चाला. डिस्क ब्रेक असेल तर आतलं पॅड ॲलन कीने जवळ घेऊन बघा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सहा हजारांतले निम्मे पैसे माझ्या उपयोगाच्या नसलेल्या गोष्टींवर जात होते. पुढचं सस्पेन्शन गंजून जाम झालेलं, पुढचा गिअर अडकलेला, त्याची हँडलवरची मूठ तुटलेली. पोवई नाक्याला जायला यातलं काय लागतं? स्वस्त सायकलीत आधी मरतो तो हा दिखाऊ माल. त्याच्याखालची साधी सायकल चांगली असते. म्हणून मी सायकल पूर्वीसारखी केलीच नाही, साधी करून टाकली.

सस्पेन्शन काढून साधा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बसवला. दुकानात जाताना जुना चिमटा सोबत न्या. वरच्या नळीची जाडी, लांबी आणि आटे जुळले पाहिजेत, आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा) असेल तर त्याचे खुंट चिमट्यावर हवेत. साधा चिमटा आखूड असला तर हँडल जरा खाली येतं, एवढं लक्षात ठेवा. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, आणि त्याची केबल काढून टाकली, चेन मधल्या चक्रावर कायमची. मागचे सात गिअर आमच्या चढांना पुरतात.

माझं बिल: दोन टायर 900, ट्यूब 300, चेन 280, फ्रीव्हील 480, केबली 200, ब्रेकचे रबर 120, चिमटा 650, मजुरी 500. एकूण 3,430. मजुरीत बेअरिंग धुऊन ग्रीस भरणं आलं का, हे आधीच विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं, ते घरी येऊन स्वतः केलं.

तुम्हाला कासच्या बाजूला कच्च्या वाटांवर उतरायचं असेल तर मात्र हा हिशेब लावू नका. तिथं अशी सायकल नवी असली तरी पुरत नाही, पैसे साठवून चांगली घ्या. आणि सायकल अंगापेक्षा लहान किंवा मोठी असेल तर कितीही दुरुस्ती केली तरी गुडघे बोंबलणारच. ती मापाच्या पोराला देऊन टाका.

भंगारात घालायचीच ठरली तर तशीच उचलून देऊ नका, तो किलोवर घेतो. आधी सीट, पायडल, बऱ्या ट्यूब, ब्रेकच्या मुठी आणि सगळे ॲलन बोल्ट काढून डब्यात ठेवा. माझ्या सीटचा बोल्ट अशाच एका डब्यातून निघाला.