हंगाम संपल्यानंतरचं करिअर: बास्केटबॉल लीगमध्ये उतरणाऱ्यांसाठी

मी नागपूरची. शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर खेळायला शिकले, विद्यापीठाकडून खेळले आणि खेळणं थांबल्यावर स्कोअररच्या टेबलावर जाऊन बसले. आता सामन्यांची आकडेवारी नोंदवणं आणि स्पर्धेचं व्यवस्थापन हे माझं काम आहे. त्यात हॉल ठरवण्यापासून बर्फाच्या पिशव्या वेळेवर पोचवण्यापर्यंत सगळं येतं. एखाद्या नव्या लीगची जाहिरात आली की मुलं विचारतात, "ताई, ट्रायलला जाऊ का?" आणि त्यांचे आईवडील विचारतात, "यात पुढे काय?" दोन्ही प्रश्न एकच आहेत असं मला वाटतं. त्यांचं उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आपल्याकडच्या लीगचा इतिहास छोटा आहे, पण तो माहीत असायलाच हवा. 2010 मध्ये आयएमजी-रिलायन्स ही क्रीडा व्यवस्थापन कंपनी आणि बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया यांच्यात 30 वर्षांचा करार झाला. व्यावसायिक लीग आता येणारच, असं तेव्हा प्रत्येक कोर्टवर बोललं जायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्या भरवशावर नोकरीचे अर्ज पुढे ढकलले. ती लीग आलीच नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या उद्योजकांच्या पुढाकाराने यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) ही लीग सुरू झाली. आठ संघ होते, त्यांत आपले मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज. सामने टीव्हीवर दिसायला लागले, खेळाडूंच्या हातात खेळाचे म्हणून पैसे आले. चार हंगाम झाले आणि 2017 नंतर ती थांबली. मग 2018 मध्ये फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, मान्यतेची 3x3 लीग आली, एका बाजूला तीनच खेळाडूंची. 2022 मध्ये फेडरेशनची स्वतःची आयएनबीएल, म्हणजे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, आली. तिच्यात सहा संघ होते, मुंबई टायटन्स त्यांपैकी एक.

या सगळ्या लीगना फसवणूक म्हणून मोकळं होणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. यूबीएच्या दिवसांत मी कडेला बसून पाहिलं आहे, दोन-तीन महिने फक्त बास्केटबॉल खेळायला मिळाल्यावर आपली मुलं किती झपाट्याने सुधारतात. परदेशी प्रशिक्षक, रोजचा व्हिडिओ, नीट आहार, व्यायामाचं वेळापत्रक हे त्यांना आधी कुणी दिलं नव्हतं. तेव्हा लीग वाईट नव्हती. ती टिकली नाही, आणि का टिकली नाही हे कळलं तर पुढच्या वेळी सही करताना तुमचं डोकं जागेवर राहील.

त्यासाठी मी नेहमी अमेरिकेतल्या एका लीगचं उदाहरण देते, कारण चढ आणि उतार दोन्ही तिच्यात स्वच्छ दिसतात. 23 एप्रिल 1946 रोजी पेनसिल्व्हेनियात ईस्टर्न लीग सुरू झाली. पुढे जी एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग, झाली ती संघटना त्यानंतर काही आठवड्यांनी स्थापन झाली, म्हणजे ही लीग वयाने थोडी मोठीच. संघ कुठले? विल्क्स-बॅरे, हेझलटन यांसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावांतले, शिवाय ॲलनटाउन, रीडिंग, लँकेस्टर, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन. खेळाडू आठवडाभर शाळेत शिकवायचे, कारखान्यात काम करायचे आणि शनिवार-रविवारी सामने खेळायचे. गावं एकमेकांपासून मोटारीने जाण्याच्या अंतरावर. सामना संपला की रात्री घरी, सोमवारी कामावर. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून बरीच वर्षं एनबीएत संघ जेमतेम आठ-नऊ, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी दार अर्धंच उघडं. त्यामुळे फार ताकदीचे खेळाडू या छोट्या गावांत खेळत होते आणि तिकीट काढून येणाऱ्या लोकांना ते ठाऊक होतं.

ही लीग मोठी व्हायला निघाली तिथून तिचं गणित बदललं. 1977 मध्ये अलास्कातल्या अँकरेजचा संघ आत आला. 1978 मध्ये नाव बदलून काँटिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन झालं, म्हणजे सीबीए. खेळाच्या दृष्टीने ते वैभवाचे दिवस होते. फिल जॅक्सन यांनी ऑल्बनी पॅट्रून्सला 1984 मध्ये इथेच विजेतेपद मिळवून दिलं, शिकागो बुल्सला एनबीएत जिंकवण्याच्या कितीतरी आधी. जॉर्ज कार्ल यांच्या ऑल्बनीने 1990-91 च्या हंगामात 50 सामने जिंकले आणि फक्त 6 हरले. दहा दिवसांच्या तात्पुरत्या करारावर एनबीएत बोलावणं यायचं ते याच लीगमधून. पण जिथे मोटारीने जाऊन काम भागायचं तिथे आता विमान आणि हॉटेल आलं. तिकिटं विकून येणारा पैसा छोट्या गावाचाच राहिला आणि खर्च देशभर पसरला. संघ एका गावातून दुसऱ्या गावात हलू लागले, मालक बदलू लागले. गावाला आपला संघ पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री उरली नाही, आणि खात्री नसली की हंगामाची तिकिटं कोण घेणार?

शेवटचा भाग तर प्रत्येक नवख्याने वाचावा असा आहे. 1999 मध्ये माजी खेळाडू आयझेया थॉमस यांनी सुमारे 1 कोटी डॉलरला संपूर्ण लीगच विकत घेतली, सगळे संघ एकाच मालकीचे. पुढच्याच वर्षी ते इंडियाना पेसर्सचे प्रशिक्षक झाले. एनबीएत प्रशिक्षक असताना दुसऱ्या लीगची मालकी ठेवता येत नाही, म्हणून लीग विश्वस्तांकडे गेली. फेब्रुवारी 2001 मध्ये, ऐन हंगामात, तिचं काम बंद पडलं. नंतर ती कमी ताकदीने पुन्हा उभी राहिली आणि 2009 मध्ये कायमची संपली. तोवर एनबीएने खेळाडू घडवण्यासाठी स्वतःची दुय्यम लीग, डी-लीग, काढली होती, तीच आजची जी-लीग. तिथे आता एनबीएच्या प्रत्येक संघाचा स्वतःचा दुय्यम संघ आहे आणि तोटा झाला तर बहुतेक ठिकाणी तो वरचा संघ सोसतो.

मुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत महिलांची एबीएल ही लीग 1996 मध्ये सुरू झाली. ती वर्षभराने आलेल्या एनबीएच्या महिला लीगपेक्षा, म्हणजे डब्ल्यूएनबीएपेक्षा, चांगले पगार द्यायची आणि बास्केटबॉलच्या खऱ्या मोसमात, हिवाळ्यात खेळायची. खेळही उत्तम होता. पण टीव्ही आणि मोठे प्रायोजक दुसरीकडे होते. डिसेंबर 1998 मध्ये, नाताळच्या तोंडावर, तिसरा हंगाम अर्ध्यावर असताना ती दिवाळखोरीत गेली. चांगलं खेळणं आणि चांगला पगार देणं एवढ्यावर लीग जगत नाही.

आता हे आपल्याकडे लावून बघा. ईस्टर्न लीगची पहिली वर्षं ज्यावर उभी होती, ते म्हणजे गावाचा हॉल आणि गावाचे प्रेक्षक. आपल्या लीगनी तेच सोडून दिलं होतं. संघाच्या नावात पुणे असतं, पण सगळे संघ एका हंगामासाठी किंवा एका फेरीसाठी एकाच शहरातल्या हॉलमध्ये जमतात. आयएनबीएलच्या फेऱ्या कोची, जयपूर अशा शहरांत फिरल्या. खर्च वाचतो हे खरं. पण पुण्याच्या संघाचा सामना पुण्यातल्या मुलांना संध्याकाळी क्लास संपवून बघायला मिळत नाही, तोवर तो संघ त्यांचा कसा होणार? मुंबईच्या नागपाड्यात बघा. 1927 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी सुरू केलेल्या नेबरहुड हाउसपासून तिथे हा खेळ रुजला आणि त्या एका वस्तीने देशाला कितीतरी आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले. तिथल्या सामन्यांना प्रेक्षक गोळा करावे लागत नाहीत. शेजारचा मुलगा खेळतो आहे म्हणून लोक येतात. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि पेसर्स या एनबीए संघांचे दोन सामने झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. फार सुंदर दोन रात्री होत्या त्या. पण पाहुणे गेल्यावर शहरात नवीन काही उरलं नाही, आणि नागपाड्याचं कोर्ट मात्र दुसऱ्या दिवशीही भरलेलं होतं.

आता तुमच्या कामाचं बोलू. आधी खेळाडूंसाठी.

आपल्या देशात बास्केटबॉल खेळून घर चालवणारी बहुतेक माणसं रेल्वे, सेनादलं, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, केरळचं वीज मंडळ अशा खात्यांच्या संघांत आहेत. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती रेल्वेकडून खेळत. ही भरती तुमची राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं बघून होते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि तिथे मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धाच धरतात. म्हणून ट्रायलला जाण्याआधी पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. या लीगला फेडरेशनची मान्यता आहे का, तारखा राज्य स्पर्धेशी किंवा निवड चाचणीशी भिडतात का, हे विचारा. यूबीएला फेडरेशनची मान्यता नव्हती. त्यात 2015 मध्ये फेडरेशनमध्येच दोन गट पडले, दोघांनीही आपणच खरे म्हणून सांगितलं आणि फिबाने के. गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिली तोवर खेळाडूंचं मात्र कुठे जावं ते कळेना झालं. खात्यात नोकरी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लेखी घ्या. साहेब तोंडी हो म्हणाले, हे पुरेसं नाही.

मग करार वाचा. मानधन किती हप्त्यांत आणि शेवटचा हप्ता कधी, हे त्यात असलं पाहिजे. मी काम केलेल्या एका लीगमध्ये शेवटचा हप्ता हंगाम संपल्यावर होता आणि तो मिळवायला अनेकांना महिनोन्‌महिने फोन करावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, निम्म्याहून जास्त रक्कम हंगाम संपायच्या आत हातात येईल असं बघा. आणि दुखापत. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे सहा ते नऊ महिने यांचा खर्च कोण करणार? विम्याची पॉलिसी आहे असं नुसतं सांगितलं तर तिचा कागद मागा. ट्रायलला पैसे भरा म्हणणाऱ्यांकडे दोनदा चौकशी केल्याशिवाय जाऊ नका.

वयाचंही बोलते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मी लीगला जाच म्हणते, फक्त पदवीची परीक्षा बुडवून नाही. सत्तावीस वर्षांचा, हातात नोकरीची ऑर्डर असलेला खेळाडू नोकरी सोडून लीगला निघाला, तर मी त्याच्या घरी जाऊन बसते. नुसत्या लीगने खेळाडू घडतो असंही नाही. सतनामसिंग भामरा 2015 मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने निवडला, अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संघात आणि अमज्योत सिंग ओक्लाहोमाच्या जी-लीग संघात गेला. तिघेही लुधियानाच्या अकादमीतून आलेले, जिथे एस. सुब्रमणियन यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षं पहाटे मैदानावर उभे राहिले.

ज्यांना खेळाडू म्हणून पुढे जाता येणार नाही पण हा खेळ सोडवत नाही, त्यांच्यासाठी टेबल आहे. या कामाकडे आपल्याकडे फार कमी मुलं वळतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण इथे चांगल्या माणसांची सतत चणचण असते. सुरुवात जिल्हा स्पर्धेत स्कोअरशीट लिहिण्यापासून करा. मग टायमर, मग शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणारं घड्याळ. शॉट क्लॉकवर बसलेल्याची खरी कसोटी आक्रमण करणाऱ्या संघाने रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू, घेतला की लागते: चेंडू रिंगला लागला होता का? लागला असेल तर 24 नाही, 14 सेकंद. हा निर्णय पापणी लवायच्या आत घ्यायचा, आणि चुकलात तर दोन्ही बेंच तुमच्याकडे बघतात. त्यानंतर आकडेवारी. फिबा लाइव्हस्टॅट्स या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर दोघं मिळून काम करतात, एक जण बोलतो आणि दुसरा नोंदवतो. "चार नंबर, दोनचा शॉट, चुकला; अकरा, बचावाचा रिबाउंड." डोळे खेळावरून हलवायचे नाहीत. घरी जुने सामने लावून, मित्राला शेजारी बसवून याचा सराव होतो, फुकटात.

एक लीग बंद पडली की तिचा खेळाडू बेकार होतो, पण टेबलावरची माणसं पुढच्या लीगमध्ये तीच दिसतात. फेडरेशनची स्पर्धा असो, शाळांची असो किंवा 3x3, घड्याळ कुणीतरी चालवायलाच लागतं. यावर वर्षभराचं घर अजून चालत नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणूनही काम करते आणि हंगामात रजा काढते. प्रशिक्षणात जायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा करा. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ओळखीपुरता चांगला आहे, पण नोकरीच्या जाहिरातीत डिप्लोमा मागतात.

आणि आजच एक काम करा. तुमच्याकडे असलेलं प्रत्येक प्रमाणपत्र, जिल्हा, विभाग, विद्यापीठ, राज्य, स्कॅन करून ठेवा. त्यावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर संघटनेच्या सचिवांकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. पडताळणीच्या खिडकीवर गेल्यावर ते करायला वेळ मिळत नाही.