फडावर असताना तक्रार कुठं आणि कशी करायची

दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. त्याआधी मी आमच्या बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या बायांना घेऊन बसते. अकरा हंगाम मी स्वतः ऊस तोडलाय. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, हिशोबाची वही टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं, मोबाइल नवऱ्याच्या खिशात. पहिला प्रश्न मी एकच विचारते: गेल्या वर्षी कुठं होतीस? "कोल्हापूरकडं." गाव कोणतं? "ते काय माहीत बाई, फड (तोडीचं शेत) तर सारखा बदलतो."

इथंच सगळं अडतं. मदत मागायची तर ठिकाण सांगता आलं पाहिजे. म्हणून कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी राहिली की किराणा दुकानात नाहीतर तिथल्या आशाताईला विचारा: गाव, तालुका, पोलीस ठाणं कोणतं. लेकराकडून कागदावर लिहून घ्या आणि पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. ट्रंक नवरा उचकतो, पिठाचा डबा पुरुष उघडत नाहीत. दोन नंबर मात्र तोंडपाठच हवेत: ११२ पोलिसांचा, १८१ महिला हेल्पलाइनचा. फोन कुणाचाही चालतो, ट्रॅक्टरवाल्याचासुद्धा.

माझ्या जावेवर फडात एकानं हात टाकला होता. ठाण्यात गेलो तर सांगितलं, "तुम्ही बीडच्या ना? तिकडं जाऊन नोंदवा." आम्ही ऐकलं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, एप्रिलात घरी आलो तेव्हा वळ गेले होते आणि पाहिलेल्या बाया चार गावांना पांगल्या होत्या. असं कुणी सांगितलं तर हलू नका. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून हे कायद्यातच लिहिलंय: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३. नोंदवलेल्याची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. नाहीच नोंदवलं तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.

बलात्कार झाला असेल तर आंघोळीआधी दवाखाना. (आंघोळ झाली असेल तरी जाच.) अंगावरचे कपडे धुऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्रात गुंडाळा. दवाखाना सरकारी असो की खाजगी, उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात. "आधी पोलिसांची चिठ्ठी आणा" म्हणता येत नाही. गर्भ राहू नये म्हणून गोळी ७२ तासांच्या आत मागून घ्या. जबाब बाई अधिकारीच घेणार, हेही लक्षात ठेवा.

मुकादम किंवा त्याचा माणूस घाण बोलतो, अंगचटीला येतो, अशा तक्रारीला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवलीय. तालुक्याला तिचा नोडल अधिकारी असतो, तहसीलमध्ये चौकशी करा. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायचं काम समितीचं. पण मुदत तीन महिन्यांची आणि आपला हंगाम पाच-सहा महिन्यांचा. घरी गेल्यावर बघू म्हटलं की मुदत फडावरच संपते.

"उचल फिटल्याशिवाय जाता येणार नाही," अशी धमकी येईल. उचल हे कर्ज आहे. त्यापोटी माणूस अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा, तहसीलदाराला सांगा. खाड्याची, म्हणजे काम बुडण्याची, भीती मला कळते. एक दिवस बुडाला की पैसे कापतात, म्हणून बाई ठाण्यातही जात नाही आणि दवाखान्यातही. २०१९ च्या सरकारी समितीनं बीडच्या ८२,३०९ बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको म्हणून ऑपरेशन करून घेतलेल्या दोघी माझ्याच टोळीत होत्या.

नवऱ्याच्या मारापुढं बहुतेकजणी म्हणतात, त्याला आत टाकायचं नाही, फक्त मार थांबायला हवा. त्यांच्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा. संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, तो अहवाल करून कोर्टात देतो. तात्पुरतं राहता त्या तालुक्याच्या कोर्टातही अर्ज चालतो, म्हणजे कोपीचा पत्तासुद्धा पत्ताच. वकील फुकट मिळतो, बाईची कमाई विचारत नाहीत, नंबर १५१००.

शेवटचं काम गाडीत बसायच्या आधीच करा: आपल्या टोळीतल्या बायांशी खूण ठरवा. आमची खूण रिकामा हंडा वाजवायची होती. एका रात्री वाजला. सातजणी बाहेर आलो, हातात कोयते होते पण एकीनंही उगारला नाही. तो माणूस मोटारसायकल तिथंच टाकून उसात पळाला. गाडीचा नंबर आम्ही माझ्या लेकाच्या शाळेच्या पाटीवर लिहून घेतला, आणि सकाळी ती पाटीच घेऊन ठाण्यात गेलो.